जुना पूल, चालू रस्ता

आंबागडाकडून भंडारा गाठून साकोलीकडे निघालं की कारध्याला वैनगंगेवर दोन पूल दिसतात: जुना ठेंगणा आणि महामार्गाचा उंच. रहदारी न थांबवता पूल बदलायची ही एक खात्रीची रीत. शेजारी नवा बांधा, गाड्या वळवा, मग जुन्याचं बघा. खरी अडचण पाण्याखाली असते. पूर खांबाला अडून भोवरे करतो, पायथ्याची वाळू उपसतो. नव्याचा पाया फार जवळ खोदला तर जुन्याचा आधार आणखी सुटतो. महाडचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, तेव्हा वाहतूक शेजारच्या पुलानंच सांभाळली. बदली पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये खुला झाला. कौतुक खरंच, पण कोरडे महिनेही नेमके साधले होते.