मोतिया की फिकट राखी?

दिवाळीपूर्वी साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या रंगाच्या दुकानात मोतिया आणि फिकट राखी या छटा जवळजवळ सारख्याच दिसतात. घरच्या भिंतीवर मात्र एक पिवळट, दुसरी निळसर! दुकानदाराने फसवले असे नव्हे. फरक प्रकाशाचा आहे.

फिकट रंग पांढऱ्या प्रकाशातील बहुतेक सर्व किरण परावर्तित करतो. दोन छटांत फरक असतो तो थोड्याच तरंगलांबींपुरता. तेवढेच किरण दिव्यात कमी असले, तर तो दिसणार कसा? तारेच्या बल्बमध्ये निळे किरण कमी असतात, म्हणून त्याच्या उजेडात निळसर झाक मावळते.

उत्तरेच्या खिडकीतून फक्त आकाशाचा निळसर उजेड येतो, असे युरोपातील पुस्तके सांगतात. आपण १७ अंश अक्षांशाच्या आसपास राहतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपला दुपारचा सूर्यच माथ्याच्या उत्तरेला असतो! (तोवर पावसाळी ढग येतात, ही गोष्ट वेगळी.)

म्हणून दोन पुठ्ठे रंगवा, भोवती पांढरा कागद लावा आणि ते त्याच भिंतीवर सकाळी, दुपारी व दिवा लावून पाहा. कागद हवाच, जुन्या हिरव्या भिंतीवर राखी रंग तांबूस भासतो. शोभेचे पडदे विणणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्या शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अशा भासांवर १८३९ साली ग्रंथच लिहिला.

खोली रात्रीच्या अभ्यासाची असेल, तर दिव्याखालचा निकाल ग्राह्य धरावा.