डिशची पेटी प्रोजेक्टरला जोडताना

दूरचित्रवाणीवरील पाठ ठरलेल्या वेळी लागतो. तो कोणासाठी थांबत नाही. मुले भिंतीकडे डोळे लावून बसली आहेत आणि भिंतीवर मात्र ‘सिग्नल नाही’ एवढीच अक्षरे उमटली आहेत, अशा वेळी शिक्षकाची तारांबळ उडते. तो छपरावर चढून छत्री हलवितो आणि जे बिघडलेले नव्हते तेही बिघडवून बसतो. हे टाळावयाचे असेल तर जोडणीचे मर्म आधी समजून घ्यावयास हवे.

छत्री, पेटी व प्रोजेक्टर ही तिघांची साखळी आहे. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असलेल्या उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी छत्री गोळा करते. दूरदर्शनच्या फ्री डिश सेवेचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असल्यामुळे महाराष्ट्रात छत्रीचे तोंड आग्नेयेच्या बाजूस ठेवावे लागते. पेटी त्या लहरींपासून चित्र व ध्वनी तयार करते. प्रोजेक्टर ते चित्र केवळ मोठे करून भिंतीवर टाकतो. वाहिनी शोधणे हे त्याचे काम नव्हे.

जोडणी करताना प्रथम दोन्ही यंत्रांची वीज बंद करावी. पेटी व प्रोजेक्टर दोहोंस एच.डी.एम.आय. खाच असल्यास एकच तार पुरते. चित्र व ध्वनी दोन्ही तीतून जातात. जुन्या पेटीस तीन रंगांच्या खाचा असतात. त्यांपैकी पिवळी चित्राची, तांबडी व पांढरी ध्वनीची. रंगास रंग जुळवावा. नंतर वीज सुरू करून, तार ज्या खाचेत बसविली तीच खाच प्रोजेक्टरच्या ‘सोर्स’ बटणाने निवडावी. प्रोजेक्टरचा आवाज पुष्कळदा क्षीण असतो. तसे असल्यास पेटीच्या तांबड्या-पांढऱ्या खाचांतून ध्वनी शाळेच्या ध्वनिवर्धकास द्यावा.

आता मुख्य गोष्ट. भिंतीवर चित्र न आल्यास पेटीच्या रिमोटवरील ‘मेनू’चे बटण दाबावे. पेटीची यादी भिंतीवर दिसली, तर पेटी व प्रोजेक्टर यांची जोडणी निर्दोष आहे. दोष छत्रीत किंवा तिच्या तारेत शोधावा. यादी दिसली नाही, तर छत्रीचा काही अपराध नाही. पेटी चालू आहे काय, तार घट्ट बसली आहे काय आणि खाच बरोबर निवडली आहे काय, एवढेच पाहावे.

पाठाच्या आदल्या दिवशी हा सर्व प्रयोग एकदा करून पाहावा. खोलीत अंधार करावा. प्रोजेक्टरच्या भिंगात मुलांना डोकावू देऊ नये. पाठ संपल्यावर प्रोजेक्टर त्याच्या बटणानेच बंद करावा आणि आतील पंखा थांबल्यावरच भिंतीवरील स्विच बंद करावा. २०२० साली सुरू झालेल्या ‘पीएम ई-विद्या’ उपक्रमाच्या वाहिन्या फ्री डिशवर विनामूल्य पाहावयास मिळतात. त्यांचा लाभ आपल्या गावच्या मुलांस मिळणे न मिळणे पुष्कळदा एका सैल तारेवर अवलंबून असते, हे शिक्षकांनी विसरू नये.