इथे कंट्रोल-झेड चालत नाही!

सकाळचे नऊ वाजून चौदा मिनिटं झालीयेत. हॉस्टेलची रूम, पलंगावर लॅपटॉप, अर्धा प्यायलेला चहा, आंघोळ बाकी आणि साडेनऊचं लेक्चर डोक्यावर. मिनिटभरात मार्केट उघडणार. तुम्ही माऊस घेऊन वॉचलिस्टमध्ये आपला शेअर कुठे गेला ते शोधताय आणि शेजारी बसलेला सीनियर माऊसला हातही न लावता टकाटक चार चार्ट बघून, रेषा मारून मोकळा! ‘भाई, हे कसं करतोस?’ विचारलं की तो नुसता हसतो.

त्यात जादूबिदू काही नाही, कीबोर्ड शॉर्टकट्स आहेत ते. असाइनमेंट करताना कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही तुम्ही डोळे मिटून मारता (सबमिशनच्या आदल्या रात्री तर जरा जास्तच), तितक्याच सहज हेही जमतात. दोन-तीन संध्याकाळी पुरतात. पण शिकायला बसण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ट्रेडिंगच्या स्क्रीनवरची बटणं दोन जातींची असतात. काही ‘बघायची’ आणि काही ‘करायची’. चार्टवर रेषा चुकली? कंट्रोल-झेड मारा, गेली. ऑर्डर चुकली आणि समोरच्याने ती उचलली, तर मात्र ती परत आणणारं बटण कुठल्याच कीबोर्डवर नाही. म्हणून पहिल्या जातीची बटणं जितकी शिकता येतील तितकी शिका, बिनधास्त. दुसऱ्या जातीच्या बाबतीत हात जरा जड ठेवा.

बघायची बटणं

आपल्याकडच्या बऱ्याच ब्रोकरच्या वेबसाइटवर जो चार्ट दिसतो, तो मुळात ट्रेडिंगव्ह्यूचा असतो. त्यामुळे त्याची बटणं एकदा हातात बसली की ब्रोकर बदलला तरी बरीचशी कामाला येतात. चार्टवर एकदा क्लिक करा आणि नुसतं १५ टाइप करून एंटर दाबा. पंधरा मिनिटांचा चार्ट हजर! ५ टाइप केलं तर पाच मिनिटांचा, १ आणि डी टाइप केलं तर दिवसाचा. वरच्या मेनूत जाऊन टाइमफ्रेम शोधत बसायचं कामच नाही. अक्षर टाइप केलं की कंपनी शोधायची चौकट उघडते. म्हणजे टीसीएसचा चार्ट बघायचा तर सरळ टीसीएस टाइप करा, एंटर, झालं.

रेषांसाठी ऑल्ट हे बटण लक्षात ठेवा. ऑल्ट-टी म्हणजे ट्रेंडलाइन, ऑल्ट-एच म्हणजे आडवी रेषा, ऑल्ट-व्ही म्हणजे उभी. ऑल्ट-ए दाबलं की अलर्ट लावायची चौकट येते, आणि हे बटण तुमच्यासाठी सगळ्यात कामाचं आहे. भाव अमुक ठिकाणी आला की निरोप येणार असेल, तर लेक्चरमध्ये बेंचखाली मोबाइल धरून बसायचं कारण उरत नाही. चार्ट ओढून-ताणून कुठल्या कुठे गेला असेल तर ऑल्ट-आर दाबा, तो पुन्हा जागेवर येतो. मॅक वापरणाऱ्यांनी ऑल्टच्या जागी ऑप्शन समजायचं.

आणि आता माझं सगळ्यात लाडकं बटण, ऑल्ट-आय. हे दाबलं की चार्ट चक्क उलटा होतो, वरचं खाली आणि खालचं वर. पहिल्यांदा बघाल तेव्हा वाटेल, हा काय टाइमपास? पण एकदा करून बघा. समजा, एखादा शेअर घ्यायचा तुमचा विचार पक्का झालाय. चार्ट बघून तुम्हाला वाटतंय, ‘आता हा वर जाणारच.’ त्या क्षणी ऑल्ट-आय मारा. तोच चार्ट उलटा झाल्यावर ‘आता हा खाली जाणार, विकायला हवा’ असं मनापासून वाटलं, तर तुमचं निदान पाहण्यात सातत्य आहे. पण उलट्या चार्टकडे बघूनही ‘हा वर जाणार’ असंच वाटत असेल, तर तुम्ही चार्ट बघतच नव्हता. तुम्हाला तो शेअर घ्यायचाच होता, कारण ग्रुपवर कुणीतरी सांगितला होता. दोन बटणांत स्वतःची चोरी पकडली जाते! पुन्हा ऑल्ट-आय दाबलं की चार्ट सरळ.

स्क्रीनची मांडणीही कीबोर्डवरून करता येते. विंडोजचं बटण धरून डावा किंवा उजवा बाण दाबा, स्क्रीनचे सरळ दोन भाग होतात. एकीकडे चार्ट, दुसरीकडे वॉचलिस्ट. टॅब बदलायला कंट्रोल-टॅब. मात्र कंट्रोल-डब्ल्यूपासून सांभाळा, ते उघडा टॅब थेट बंद करतं. आणि तेही नेमकं नको तेव्हाच!

करायची बटणं

झिरोधाच्या काइटवर वॉचलिस्टमध्ये एखाद्या कंपनीवर माऊस नेला, किंवा बाणाच्या बटणांनी तिथपर्यंत पोचलात, की बी म्हणजे बाय, एस म्हणजे सेल, सी म्हणजे चार्ट आणि डी म्हणजे मार्केट डेप्थ, म्हणजे घेणारे-विकणारे कुठल्या भावाला किती संख्येने उभे आहेत त्याची यादी. यातली सी आणि डी बघायची, बी आणि एस करायची. चारही अक्षरं एकाच कीबोर्डवर, एकाच ओळखीच्या बोटांखाली. गडबड इथेच होते.

तुम्हाला स्टेट बँक शोधायचीय. तुम्हाला वाटतंय कर्सर सर्चच्या चौकटीत आहे. तुम्ही एसबीआय टाइप करायला घेता. पण कर्सर सर्चमध्ये नाहीच, तुम्ही वॉचलिस्टमधल्या भलत्याच कंपनीवर उभे आहात. पहिलंच अक्षर एस. विकायची खिडकी उघडली! हेच अक्षर चार्टवर टाइप केलं असतं तर कंपनी शोधायची चौकट उघडली असती. अक्षर तेच, पण तुम्ही स्क्रीनच्या कुठल्या कोपऱ्यात आहात त्यावर त्याचा अर्थ बदलतो. सुदैवाने ही अक्षरं नुसती खिडकी उघडतात, ऑर्डर पाठवत नाहीत. पाठवायचं काम पुढचं बटण दाबल्यावर होतं. तेव्हा खिडकी चुकून उघडली तर घाबरून एंटर मारू नका, एस्केप मारा. आणि टाइप करायच्या आधी सर्चमध्ये खरंच आहोत ना, हे बघायची सवय लावा.

कॉम्प्युटरवर चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ-वन म्हणजे खरेदी आणि एफ-टू म्हणजे विक्री. ही पद्धत आली नॅशनल स्टॉक एक्सचेंजच्या ‘नीट’ या सिस्टिममधून (तुमच्या मेडिकलच्या मित्रांचं टेन्शन ते वेगळं!). १९९४च्या नोव्हेंबरमध्ये तिथे शेअर्सचे व्यवहार स्क्रीनवर सुरू झाले. त्याआधी दलाल स्ट्रीटच्या रिंगणात ओरडून आणि हातवारे करून सौदे व्हायचे. ओरडणं गेलं आणि बोटं आली. खरेदीची खिडकी निळी, विक्रीची लाल, ही इथली रंगांची भाषा. एफ-थ्रीवर ऑर्डरबुक, एफ-एटवर ट्रेडबुक. ऑर्डरबुकात तुम्ही काय मागितलंत ते दिसतं आणि ट्रेडबुकात प्रत्यक्ष काय मिळालं ते. लॅपटॉपवर हे करून बघणाऱ्यांनी आधी एफएन हे बटण तपासा, नाहीतर खरेदी करायला जाल आणि गाण्याचा आवाज बंद होईल.

आता एफ-वन आणि एफ-टू शेजारी शेजारी आहेत, हे वाचतानाच तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात ते जरा महागात आलं. सेकंड इयरला असताना माझ्याकडे एका कंपनीचे वीस शेअर होते. भाव पडायला लागला, घाईत विकायला गेलो आणि बोट शेजारच्या बटणावर पडलं. खिडकी निळी होती. मी रंग बघितलाच नाही, सवयीने एंटर मारला. वीसचे चाळीस झाले! दुसरे वीस मेसच्या पैशांतून. ते सगळं निस्तरेपर्यंत भाव आणखी घसरला होता, वर दोन्ही बाजूंचे चार्जेस. रक्कम मोठी नव्हती, पण त्या महिन्यात वडापाव बरेच खाल्ले.

मी तरी स्वस्तात सुटलो. ८ डिसेंबर २००५ला टोकियोत मिझुहो सिक्युरिटीजच्या एका डीलरला जे-कॉम या कंपनीचा एक शेअर ६ लाख १० हजार येनला विकायचा होता. त्याने टाइप केलं उलटं. ६ लाख १० हजार शेअर, भाव एक येन. इतके शेअर त्या कंपनीकडे मुळात नव्हतेच. स्क्रीनवर इशारा आला होता, तो दुर्लक्षिला गेला. मग ऑर्डर रद्द करायचे प्रयत्न झाले, तर एक्सचेंजच्या सिस्टिममधल्या दोषामुळे ते फसले. नुकसान सुमारे ४ हजार कोटी येन. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०१२ला एका ब्रोकरच्या ऑफिसातून अशाच चुकीने सुमारे ६५० कोटींच्या ऑर्डर गेल्या. निफ्टी काही क्षणांत १५ टक्क्यांहून जास्त कोसळला आणि व्यवहार थोडा वेळ थांबले. ही सगळी रोज कीबोर्ड बडवणारी, पगारी माणसं होती बरं का.

मग सराईत डीलर करतात काय? तालुक्याच्या गावातल्या एखाद्या ब्रोकरच्या ऑफिसात जाऊन बसा. फोनवर ऑर्डर आली की डीलर ती मोठ्याने परत म्हणतो. ‘टाटा स्टील, शंभर, घ्यायचेत, दीडशेला, बरोबर?’ पलीकडून ‘हो’ आलं की मगच बोट पुढे. तुम्हाला फोनवर गिऱ्हाईक नाही, पण म्हणायला कोण अडवतंय? खिडकीचा रंग, कंपनीचं नाव, संख्या, भाव, एवढं ओठातल्या ओठात म्हणा आणि मग एंटर. चार सेकंद जातात. रूममेट हसेल, हसू दे. संख्येच्या चौकटीकडे तर नीट बघा, तिथे आधीचाच आकडा बसलेला असू शकतो. त्याच्यापुढे तुमचा आकडा टाइप झाला की दहाचे शंभर व्हायला वेळ लागत नाही. आणि मार्केट ऑर्डरऐवजी लिमिट ऑर्डर ठेवा. चूक झालीच, तरी निदान तुम्ही लिहिलेल्या भावापेक्षा वाईट भावाला ती जाणार नाही. सौदा व्हायच्या आधी लक्षात आलं, तर ऑर्डरबुकातून ती रद्दही करता येते.

‘पण चार सेकंदांत भाव निघून गेला तर?’ हा प्रश्न तुमच्या मनात आलाय, माहितीय मला. जाऊ दे की! सेबीने जुलै २०२४मध्ये इंट्राडेचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३ या वर्षात इंट्राडे करणाऱ्या दर १० जणांपैकी ७ तोट्यात होते. तिशीच्या आतल्यांमध्ये, म्हणजे तुमच्या-आमच्या वयात, हे प्रमाण ७६ टक्के. वर्षाला ५००हून जास्त सौदे करणाऱ्यांमध्ये ८० टक्के. आता हे शेवटचे लोक बघा. बोटं चालवायचा सराव सगळ्यात जास्त त्यांचाच असणार! फ्युचर्स-ऑप्शन्सचं चित्र तर आणखी वाईट. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तिथल्या ९३ टक्के सामान्य ट्रेडर्सना तोटा झाला. शॉर्टकटने वाचलेली तीन सेकंदं या आकड्यांत कुठे कामी आलेली दिसत नाहीत. उलट प्रत्येक सौद्यावर ब्रोकरेज, एसटीटी, जीएसटी लागतंच. बटण सोपं झालं की ते जास्त वेळा दाबलं जातं, आणि मीटर पडत राहतो.

सराव करायचाय ना? मग मार्केट बंद असताना करा. रविवारी दुपारी चार्ट उघडा आणि माऊस उशीखाली ठेवून अर्धा तास फक्त बघायची बटणं वापरा. करायच्या बटणांसाठी ट्रेडिंगव्ह्यूवर ‘पेपर ट्रेडिंग’ची सोय आहे, खोटे पैसे, खोटे सौदे. तिथे हव्या तितक्या चुका करा. काही ब्रोकरकडे ‘किल स्विच’ही असतो. तो दाबला की तुमचं ट्रेडिंग ठरावीक काळ बंद. परीक्षेच्या आठवड्यात हे एक करायचं बटण मात्र डोळे मिटून दाबायला हरकत नाही.

आणि साडेतीनला मार्केट बंद झालं की एक्सेलची एक फाइल उघडा. कंट्रोल आणि अर्धविरामाचं बटण दाबा, आजची तारीख आपोआप येते. त्यातच शिफ्ट मिळवलं की वेळ. पुढच्या रकान्यांत काय घेतलं, किती, का घेतलं आणि काय झालं ते लिहा. विंडोज-शिफ्ट-एस दाबून चार्टचा तेवढाच तुकडा कापा आणि शेजारी चिकटवा. ‘का घेतलं’च्या रकान्यात सलग तीन दिवस काहीच लिहिता आलं नाही, तर चौथ्या दिवशी सकाळी नऊ चौदाला लॅपटॉप उघडू नका. आंघोळ करा, साडेनऊचं लेक्चर गाठा.