कसोटीपूर्व काळातील गोलंदाज आणि सन्मानाचे निकष : बाळू पालवणकर यांच्या संदर्भात

प्रस्तावना

क्रीडाक्षेत्रातील सन्मान हा खेळाडूच्या कामगिरीचा गौरव असतो, तसाच तो सन्मान देणाऱ्या समाजाच्या मूल्यदृष्टीचाही निदर्शक असतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने 2009 मध्ये, आपल्या शताब्दीच्या निमित्ताने, ‘हॉल ऑफ फेम’ म्हणजेच कीर्तिमंदिर स्थापन केले. सुनील गावस्कर, सचिन तेंडुलकर, विनू मांकड आदी भारतीय खेळाडूंचा त्यात समावेश झाला. मात्र पुण्याच्या मैदानावर घडलेले डावखुरे संथ गोलंदाज बाळू पालवणकर (1876-1955) यांचे नाव त्या यादीत नाही. ते या सन्मानास पात्र ठरतात काय, आणि ठरत असल्यास कोणत्या आधारावर, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बाळू यांची जडणघडण

अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजात जन्मलेल्या बाळू यांचे वडील लष्करात नोकरीस होते. पुण्यात गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व त्यांचे बंधू क्रिकेट शिकले. पुढे युरोपियनांच्या क्लबात मैदानाची देखभाल करण्याची नोकरी त्यांना मिळाली. तेथे सरावासाठी येणाऱ्या इंग्रज फलंदाजांना, विशेषतः जे. जी. ग्रेग यांना, ते तासन्‌तास गोलंदाजी करीत. अचूक टप्पा, चेंडूला दिलेली उंची आणि दोन्ही बाजूंनी वळणारी फिरकी ही त्यांची वैशिष्ट्ये या सरावातून विकसित झाली.

पुण्यातील हिंदू संघाने त्यांना घेतले ते युरोपियनांवर विजय मिळवण्याच्या ईर्षेने. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातातून फिरत असे. परंतु चहाच्या वेळी बाळू यांना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. रामचंद्र गुहा यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात हा सर्व प्रवास तपशिलाने मांडला आहे.

प्लेगच्या काळात हे कुटुंब मुंबईस आले. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाचा 109 धावांनी पराभव केला. त्या विजयात बाळू यांच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता.

कामगिरीचे मूल्यमापन

बाळू यांनी प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत 179 बळी घेतले आणि प्रत्येक बळीमागे सरासरी 15.21 धावा दिल्या. अभिलेखानुसार त्यांची ही कारकीर्द 1905-06 च्या हंगामात, म्हणजे वयाच्या सुमारे तिसाव्या वर्षी सुरू होते. त्यापूर्वीची उमेदीची वर्षे या आकडेवारीत नाहीत.

येथे एक आक्षेप रास्त आहे. त्या काळातील खेळपट्ट्या गोलंदाजांना अनुकूल होत्या व सामन्यांची संख्याही अल्प आहे. त्यामुळे केवळ सरासरीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. म्हणूनच 1911 च्या इंग्लंड दौऱ्याचा पुरावा निर्णायक महत्त्वाचा आहे. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील त्या भारतीय संघाने 23 पैकी 15 सामने गमावले. अशा दुबळ्या संघातून खेळताना बाळू यांनी सर्व सामने मिळून 114 बळी घेतले. त्यांपैकी 75 बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 103 धावांत 8 बळी ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी. लिस्टरशायर या कौंटी संघावर मिळवलेल्या विजयात त्यांनी दोन्ही डावांत मिळून 11 गडी बाद केले. अपरिचित हवामान आणि व्यावसायिक कौंटी फलंदाज यांच्यासमोर पस्तिशीतल्या गोलंदाजाने मिळवलेले हे यश घरच्या खेळपट्ट्यांच्या खात्यावर टाकता येत नाही.

कसोटीचा निकष व त्याची मर्यादा

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. बाळू एकही कसोटी सामना खेळले नाहीत. परंतु भारताचा पहिला कसोटी सामना जून 1932 मध्ये लॉर्ड्सवर झाला, तेव्हा बाळू 56 वर्षांचे होते. संधी मिळूनही यश न मिळणे आणि संधीच अस्तित्वात नसणे यांत गुणात्मक भेद आहे. एकच निकष दोहोंना लावल्यास तो दिसायला समान, पण परिणामी अन्यायकारक ठरतो.

या संदर्भात दोन दाखले उपयुक्त आहेत. पहिला भारतीय क्रिकेटमधील आहे. पद्माकर शिवलकर (589 बळी) व राजिंदर गोयल (750 बळी) हे दोघेही कसोटी सामना न खेळलेले डावखुरे फिरकी गोलंदाज. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने 2017 मध्ये त्यांना कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. सर्वोच्च सन्मानासाठी कसोटीची अट अपरिहार्य नाही, हे मंडळाने त्यातून मान्य केले.

दुसरा दाखला अमेरिकेतील बेसबॉलचा आहे. वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय खेळाडूंना दीर्घकाळ मुख्य स्पर्धांत प्रवेश नव्हता. या खेळातील चेंडूफेक्या सॅचेल पेज यांना तो 1948 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी मिळाला. 1971 मध्ये त्यांचा कीर्तिमंदिरासाठी विचार झाला, तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी वेगळा विभाग करण्याची कल्पना पुढे आली. तिच्यावर टीका झाली आणि अखेरीस पेज यांना पूर्ण सन्मानाने प्रवेश देण्यात आला. वगळलेल्यांना वेगळ्या दालनात बसवणे हे वगळण्याचेच दुसरे रूप आहे, असा या प्रसंगाचा अर्थ आहे. मंडपाबाहेरच्या चहाची आठवण येथे अप्रस्तुत नाही.

प्रतीक की गोलंदाज?

बाळू यांच्याविषयीच्या अलीकडील लेखनात त्यांच्या सामाजिक स्थानावर भर असतो, आणि तो स्वाभाविक आहे. गुणवत्ता व ज्येष्ठता असूनही त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. 1920 मध्ये कर्णधार पै आजारी असताना नेतृत्व पालवणकर बंधूंना डावलून इतरत्र दिले गेले, तेव्हा विठ्ठल व शिवराम या त्यांच्या बंधूंनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. पुढील सामन्यात बाळू यांना उपकर्णधार करण्यात आले आणि 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. पुणे करारावर (1932) बाळू यांची स्वाक्षरी आहे. 1937 च्या निवडणुकीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले.

हा इतिहास महत्त्वाचा आहे; पण सन्मानाचा आधार म्हणून तो पुढे करणे बाळू यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. तसे केल्यास त्यांचा प्रवेश सहानुभूतीचा मानला जाईल व गोलंदाज पुन्हा एकदा झाकला जाईल. सामाजिक इतिहासाचे कार्य एवढेच, की त्यांच्या कारकिर्दीचा आकडा लहान का राहिला, हे तो स्पष्ट करतो. आकड्यातील गुणवत्ता मात्र त्यांची स्वतःची आहे.

निष्कर्ष

आंतरराष्ट्रीय परिषदेने 2021 मध्ये पाच कालखंडांतून प्रत्येकी दोन खेळाडूंचा समावेश केला. त्यांतील पहिला कालखंड 1918 पूर्वीचा होता. बाळू यांच्या कारकिर्दीचा बहराचा काळ तोच. म्हणजे कालखंडानुसार मूल्यमापनाचे तत्त्व परिषदेला मान्य आहे. उरतो तो ‘उपलब्ध सर्वोच्च स्तर’ या निकषाचा स्वीकार. ज्या सर्वोच्च स्तरावर खेळणे बाळू यांना शक्य होते, त्या स्तरावर, स्वदेशी व परदेशी, ते आपल्या काळातील भारतीय गोलंदाजांत अग्रगण्य ठरले. या कसोटीवर ते सन्मानास पात्र आहेत. आणि तो मिळाल्यास तो वेगळ्या दालनात नव्हे, इतरांच्या पंक्तीतच मिळाला पाहिजे.