खिम्याचा रंग बदलला म्हणजे तो शिजला का?

अमेरिकेत बीफच्या खिम्याच्या पाकिटावर ‘९३/७’ असं लिहिलेलं दिसतं. म्हणजे ९३ टक्के मांस आणि ७ टक्के चरबी. ‘ग्रास-फेड’ म्हणजे जनावर धान्यावर नाही, तर गवत-चाऱ्यावर वाढलेलं. पण खिम्यात जंतू नाहीत, असं यातला कुठलाच शब्द सांगत नाही.

मांसाच्या अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक वरच्या बाजूलाच असतात आणि तव्यावर मरतात. खिमा करताना मात्र ते आतपर्यंत मिसळतात. १९९३ मध्ये तिथे कच्चट राहिलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय पसरला. शेकडो लोक आजारी पडले, चार मुलं दगावली.

म्हणूनच बीफचा खिमा आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, असं तिथला कृषी विभाग सांगतो. रंगावर जाऊ नका, खिमा त्याआधीही तपकिरी होऊ शकतो. स्वयंपाकाचा थर्मामीटर पॅटीच्या मधोमध खुपसून बघा.

चरबी कमी असली की खिमा लवकर कोरडा पडतो. त्यासाठी तव्यावर थोडं तेल घाला, आच मध्यम ठेवा, पॅटी उलथन्याने दाबू नका. ७१ अंश झाले की लगेच उतरवा. पोटालाही धोका नाही आणि चवही जात नाही!