व्हेंटच्या पाइपला टोपी घालू नका

गच्चीवरच्या सोलरच्या टाकीतून एक बारीक पाइप सरळ वर गेलेला असतो आणि टोकाला छत्रीच्या मुठीसारखा खाली वळलेला असतो. हा कशासाठी, असं घरमालकाला विचारलं तर बहुधा उत्तर मिळतं, ‘वाफ जायला.’ मग पुढचं ओघानंच येतं. वाफ जाते म्हणजे उष्णता जाते, उष्णता जाते म्हणजे पैसे जातात, तेव्हा त्याला टोपी घालून टाका. त्यातून पाणी सांडत असेल तर प्लंबरही एंड कॅप ठोकून मोकळा होतो.

हे करू नये. पाणी तापलं की फुगतं. २५ अंशांचं पाणी ६५ अंशांवर गेलं की सुमारे १.७ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे २०० लिटरच्या टाकीत तीन लिटरहून जास्त. पाणी काही दाबून लहान होत नाही, त्याला कुठेतरी जायला वाट हवी. पाण्यातून सुटणारी हवाही याच पाइपातून बाहेर पडते. पण व्हेंटचं दुसरं काम कुणाच्या लक्षातच येत नाही. थंड पाण्याची टाकी रिकामी झाली आणि खाली तळमजल्यावर गरम पाण्याचा नळ उघडा राहिला, तर सोलरच्या टाकीतलं पाणी खाली ओढलं जातं. त्या जागी हवा आत आली नाही तर आतला पातळ पत्रा चेपून बसतो. आतून येणारा दाब गोल टाकी बऱ्यापैकी सोसते. पोकळीमुळे बाहेरून पडणारा दाब तिला सोसत नाही. टाकी बाहेरून धडधाकट दिसते, आणि गळती सुरू झाली की मग कळतं.

उष्णतेचं म्हणाल तर ती प्रामुख्याने टाकीच्या अंगातून आणि उघड्यावरून गेलेल्या लांब पाइपांतून जाते. पैसे वाचवायचे तर त्या पाइपांना आवरण घाला. व्हेंटमधून सतत पाणी सांडत असेल तर एक तर व्हेंटचं टोक थंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली आहे, नाहीतर टाकीचा फ्लोट बिघडलाय. दोन्हींवर उपाय आहे, पण तो टोपी नव्हे.

व्हेंट असलेली ती उघडी टाकी, नसलेली ती बंद. ‘उघडी टाकी सुरक्षित, बंद टाकी म्हणजे बॉम्ब’ हेही नेहमी ऐकू येतं. असं म्हणणारा माणूस रोज सकाळी बंद टाकीखालीच उभा राहून अंघोळ करतो, कारण बाथरूममधला साठवणीचा गीझर ही बंद टाकीच असते. भीती अगदीच निराधार नाही. उघड्या टाकीत पाणी कितीही तापलं तरी उकळेल आणि वाफ निघून जाईल. आजोळच्या तांब्याच्या बंबाचं तेच व्हायचं. बंद टाकीत दाब असल्यामुळे पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊनही पाणीच राहू शकतं, आणि टाकी फाटली तर त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते. ब्रिटनमध्ये तर १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत घरांत अशा बंद टाक्यांना सहसा परवानगीच नव्हती. म्हणूनच गीझरमध्ये एकामागे एक राखणदार बसवलेले असतात: थर्मोस्टॅट, तो अडकला तर वीज तोडणारा थर्मल कटआउट, आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह. तिन्ही शाबूत असतील तर बंद टाकी सुरक्षित आहे.

अडचण अशी की तिसऱ्या राखणदाराचा गळा घरोघरी आवळला जातो. गीझर तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी येतं, खालची फरशी ओली होते, आणि कुणीतरी त्या तोंडात प्लग बसवतो. २५ लिटरच्या गीझरमध्ये तापताना चारशे मिलिलिटरच्या आसपास पाणी वाढतं. या व्हॉल्व्हमध्येच एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह, असल्यानं ते मागे जाऊ शकत नाही. तेव्हा तापताना ठिबकणं हे व्हॉल्व्ह काम करत असल्याचं लक्षण आहे. गीझर बंद आणि गार असतानाही धार चालूच असेल, तर मात्र व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा येणाऱ्या पाण्याचाच दाब जास्त आहे. त्या तोंडाला नळी जोडून ती मोरीत सोडा, एवढंच पुरे. नळीचं दुसरं टोक उघडं राहिलं पाहिजे.

आता सगळ्यात महागात पडणारा समज: ‘बंद टाकी घेतली की शॉवरला जोर येतो.’ टाकी दाब तयार करत नाही. दाब येतो उंचीवरून किंवा पंपावरून. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण १ बार. गच्चीवरची टाकी शॉवरच्या तीन मीटर वर असेल तर जेमतेम ०.३ बार मिळणार, टाकी उघडी असो की बंद. म्हणून वरच्या मजल्यावरचे लोक प्रेशर पंप बसवतात, आणि घोळ तिथे सुरू होतो. पंप २ बारचा दाब देत असेल आणि तो थेट उघड्या सोलरला जोडला, तर व्हेंट वीस मीटर उंच न्यावा लागेल, म्हणजे सहाएक मजले. नाहीतर पाणी गच्चीवर उडणार. काचेच्या नळ्यांच्या साध्या सोलरमध्ये तर पाणी थेट नळ्यांत असतं. तिथली रबरी सीलं असा दाब सोसत नाहीत.

पंप फक्त थंड पाण्याला लावला तरी सुटका नाही. एकच दांडी असलेला मिक्सर मधोमध ठेवून नळ उघडला की जोराचं थंड पाणी गरमच्या पाइपात घुसतं आणि उलटं वर चढतं. खाली गरम पाणी येत नाही आणि वर व्हेंट गळतो. घरमालक सोलरवाल्याला फोन करतो, सोलरवाला प्लंबरकडे बोट दाखवतो. गरमच्या पाइपावर एनआरव्ही लावला की उलटं चढणं थांबतं, पण दोन्हींचा दाब सारखा होत नाही.

माझं मत विचाराल तर गच्चीवर टाकी, खाली एक-दोन मजले आणि शॉवरच्या जोराची फार हौस नाही, अशा बंगल्याला उघडीच टाकी घ्यावी. तिच्या सुरक्षेत अडकणारा, गंजणारा भाग नाही. सगळ्या घराला पंपाचा दाब असेल तर दाब सोसणारं बंद सोलर घ्यावं, आणि दाब व तापमान दोन्हींवर उघडणारा व्हॉल्व्ह त्यात आहे ना ते पाहावं. गीझरची वीज तोडता येते, ऊन तोडता येत नाही. मे महिन्यात घर बंद करून गावी गेलात तरी ऊन टाकी तापवतच राहतं.

बंद टाकीतलं पाणी अधिक शुद्ध, हा समज एका वाक्यात संपतो: लिजिओनेलासारखे जिवाणू २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात वाढतात आणि ६० अंशांना टिकत नाहीत, टाकी कुठलीही असो.

बोअरचं पाणी असेल तर बंद टाकीच्या व्हॉल्व्हवर क्षार बसून तो जाम होतो. त्याला छोटी दांडी असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा, गीझर गार असताना, ती उचलून पाहा. पाणी आलं नाही तर व्हॉल्व्ह बदलून होईपर्यंत गीझर लावू नका.