मनाचे आजार आणि शेजारधर्म

देहास ताप आला, तर घरातील लहान मूलही कपाळास हात लावून तो ओळखते. शेजारीपाजारी विचारपूस करतात आणि रोग्यास दवाखान्यात नेतात. परंतु मनास ताप आला, तर त्याच घराची दारे लावून घेतली जातात. माणूस कोणाशी बोलेनासा झाला, रात्ररात्र जागू लागला, किंवा दारूच्या पूर्ण आहारी गेला, म्हणजे कोणी नशिबास बोल लावतो, कोणी भगताकडे धाव घेतो, आणि बहुतेक जण त्याच्या स्वभावास दोष देऊन मोकळे होतात. शहरातील गरीब वस्त्यांत या आजारांवर उपचार कोठे व कोणाच्या हातून मिळाले पाहिजेत, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

उदाहरणादाखल शहाड घेऊ. कल्याण सोडून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलचे हे पहिले स्टेशन. लगतचे उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस तिच्या बराकींत आसरा मिळाला, आणि १९४९ साली त्या छावणीचे शहर झाले. शहाडास सेंच्युरी रेयॉनचा कारखाना उभा राहिला. त्याच्या व आसपासच्या उद्योगांच्या आधाराने दूरदूरच्या जिल्ह्यांतील व परप्रांतांतील माणसे येथे येऊन राहिली. गाव सुटलेले, घर एका खोलीचे, काम पाळीचे, आणि उद्याच्या मजुरीची शाश्वती नाही, अशा जीवनात मनावर किती भार पडत असेल, हे वाचकांस निराळे सांगावयास नको.

व्यसन हा केवळ दुर्गुण नव्हे, तो आजार आहे, ही गोष्ट प्रथम नीट समजून घेतली पाहिजे. रोजच्या दारूने मेंदूची घडणच बदलत जाते. पहिल्याने जेवढ्या दारूने नशा येई, तेवढीने पुढे भागत नाही. आणि पुढे पुढे तर ती मिळाली नाही, तर हातांस कंप सुटतो, झोप उडते, काहींस भास होतात व फेपरे येते. म्हणूनच फार दिवसांच्या पिणाऱ्याने डॉक्टरांच्या देखरेखीवाचून दारू एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. ‘मनात आणले तर सुटेल’ असे म्हणणाऱ्यांस हे ठाऊक नसते. शिवाय पुष्कळांच्या पिण्यामागे न ओळखलेली उदासीनता दडलेली असते; ती तशीच राहिली, तर सुटलेली बाटली पुन्हा हातात येते.

मग उपचार नाहीत काय? आहेत. ठाण्यास १९०१ सालापासून मनोरुग्णालय आहे. त्याच शहरी १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्यासाठी संस्था स्थापन केली. पुण्यास डॉ. अनिता व श्री. अनिल अवचट या दांपत्याने, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, आणि व्यसनी माणसास गुन्हेगार न समजता आपले माणूस समजून वागविण्याचा धडा महाराष्ट्रास घालून दिला. तथापि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की, दारूच्या पूर्ण अधीन झालेल्या ३८ जणांत केवळ एकास काही ना काही उपचार मिळाला होता. उरलेले ३७ कोठे अडले? रोजंदारीचा माणूस दवाखान्यासाठी एक दिवस घालवील, तर त्या दिवसाची चूल पेटणार नाही. बाई नवऱ्यास घेऊन निघाली, तर चाळीतील लोक काय म्हणतील, ही धास्ती. आणि आजार बरा होतो, हेच कित्येकांस माहीत नाही. दवाखाना व रोगी यांच्यामधील अंतर मैलांचे नव्हे, तर मजुरीचे, लाजेचे व अज्ञानाचे आहे.

हे अंतर कसे तोडावे, याचा एक धडा आफ्रिकेतून मिळतो. झिंबाब्वे देशातील मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांच्या एका तरुण रोगिणीने आत्महत्या केली. इस्पितळात यावयास तिच्यापाशी गाडीभाडे नव्हते. या आघातातून त्यांनी २००६ साली हरारे शहरातील एका गरीब वस्तीत १४ आजीबाईंस शिकवून तयार केले. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक मांडले. त्यांवर बसून आजीबाई दुःखी माणसाचे ऐकून घेत आणि त्याच्या अडचणींतील एकेक अडचण सोडविण्याची वाट त्याच्याकडूनच काढवीत. पुढे शास्त्रीय परीक्षेत हा उपाय गुणकारी ठरला.

आपल्या शेजारच्या गोव्यातही ‘संगत’ या संस्थेने असाच प्रयोग केला. तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांची निवड झाली. त्यांतील निम्म्यांशी डॉक्टर नसलेल्या, परंतु शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठकी केल्या. तीन महिन्यांनी पाहिले, तेव्हा मागील १४ दिवसांत थेंबही न घेतलेले लोक त्यांच्यात शेकडा ४२ होते. ज्यांस नेहमीचीच सेवा मिळाली, त्यांच्यात शेकडा १८. पूर्ण जडलेल्या व्यसनास डॉक्टर हवाच. परंतु आजार त्या थरास जाण्यापूर्वी शेजारच्या शहाण्या माणसाचा शब्दही औषधाचे काम करतो.

शहाडसारख्या ठिकाणी याचे रूप साधेच असू शकेल. वस्तीतील सरकारी दवाखान्यात एक खोली असावी. ती संध्याकाळी, पाळी सुटल्यावर, उघडी असावी. तेथे वस्तीतीलच शिकविलेल्या स्त्रीपुरुषांनी बसावे, आणि ठरलेल्या वारी मनोविकारतज्ज्ञाने यावे. पत्नी व आई यांची निराळी बैठक भरावी, कारण व्यसन एकाचे असले, तरी आजारी सारे घर पडते. केंद्रातून बरा होऊन आलेल्यांनी आठवड्यास एकत्र जमावे; गुत्त्यावरील जुने सोबती दारापाशीच भेटतात, तेव्हा नवे सोबतीही दारापाशीच हवेत. ही काही भिक्षा नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून असा उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे, आणि दारू व मादक पदार्थांमुळे होणारे मनोविकारही त्यात धरले आहेत. तूर्त ज्यांस कोठे जावे हे सुचत नाही, त्यांस १४४१६ या सरकारी क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.

प्रभू येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी प्रवाशास पाहून दोघे जण बाजूने निघून गेले. तिसरा मात्र थांबला. त्याने जखमा बांधल्या, त्यास उतारशाळेत पोहोचविले, आणि पुढील खर्चाचीही तजवीज केली. तो वैद्य नव्हता. तो शेजारी झाला. विद्यार्थीमित्रहो, तुमच्या गल्लीत कोणी झोकांड्या खात जात असेल, तर त्याच्यामागे हसत धावणाऱ्या पोरांत तुम्ही नसावे. आणि वर्गातील एखादा सोबती अलीकडे गप्पगप्प राहत असेल, तर त्यास ‘वेडा’ न म्हणता त्याच्याजवळ बसावे, त्याचे ऐकावे, आणि गुरुजनांपैकी कोणास तरी सांगावे. रस्त्यावरील घायाळास उचलणारे हात वस्तीतच तयार झाले पाहिजेत, आणि त्यांची पहिली शाळा आपला वर्गच होय.